ओस्लोत जुनी डिझेल गाडी घेऊ का?

तुम्ही विचारलंय की मार्चपासून ओस्लोत नोकरी आहे, मुलं लहान आहेत, तिकडे जुन्या डिझेल गाड्या मातीमोल किमतीत दिसतात, तर येताक्षणी एखादी घेऊन टाकावी का?

नका घेऊ. मी घेतली होती, तुमच्यासारखाच किमतीला भुलून. काचेला आतून टोलची चिप चिकटवली आणि विसरून गेलो. इथे टोलनाका म्हणजे फाटक नाही, रांग नाही; कमानीखालून गेलात की नोंद झाली. शहराभोवती अशा कमानींची तीन वर्तुळं आहेत. पहिलं बिल आलं तेव्हा बायकोने जेवणाच्या टेबलावर ओळी मोजल्या आणि म्हणाली, "गाडी स्वस्त नव्हती, हप्त्याने घेतलीये." गर्दीच्या वेळी दर चढा, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त, विजेच्या गाडीला सगळ्यात कमी.

गंमत अशी की डिझेलची चटक नॉर्वेच्या सरकारनेच लावली. २००७ साली नव्या गाडीवरचा कर कार्बन डायॉक्साइडच्या हिशोबाने लावायला लागले, डिझेल स्वस्त पडू लागलं, लोक तुटून पडले. दहा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, हवा बिघडली म्हणून ओस्लोने त्याच गाड्यांना काही काळ रस्त्यावर बंदी घातली!

म्हणून विजेची गाडीसुद्धा नुसत्या सवलतीकडे बघून घेऊ नका. २००१ पासून तिला २५ टक्के व्हॅट माफ होता; शिवाय टोल फुकट, बसच्या लेनमधून जायची मुभा. २०२४ मध्ये दर १० नव्या गाड्यांपैकी जवळपास ९ विजेच्या होत्या. पण माणसं वळली तशी सरकारने दोरी आवळली: ओस्लोत २०१९ पासून टोल, २०२३ मध्ये ५ लाख क्रोनरच्या (नॉर्वेचं चलन) वरच्या रकमेवर व्हॅट आला, शिवाय वजनावर कर.

आधी घर बघा. तिथल्या पार्किंगमध्ये चार्जर आहे का, हे भाडेकरार करण्याआधी विचारा; नसेल तर जानेवारीच्या थंडीत सार्वजनिक चार्जर शोधत फिराल, आणि थंडीत बॅटरीही लवकर उतरते. तोवर मेट्रो, ट्राम, बस भरपूर आहेत. बाबागाडी बसमध्ये सहज चढते.

आणि विजेची गाडी घेतलीत तर टोलच्या चिपचा करार पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर करा. त्याशिवाय टोलची सवलत मिळत नाही.