पन्हळीतला फोम पेटेल का?

प्रश्न: घर गुहागरला, कौलारू, वर आंब्याच्या फांद्या. पन्हळ सारखी तुंबते म्हणून पाला वरच अडवून पाणी झिरपू देणाऱ्या फोमच्या पट्ट्या तिच्यात भरायचं चाललंय. दुकानदार म्हणतो ऊन-पाऊस-आग कशालाच दाद देत नाही. खरंय?

उत्तर: दुकानदार तसं म्हणणारच हो! आधी फोम कुठला ते विचारा. हा बहुतेक पॉलियुरेथेन असतो, त्यातला पॉलिएस्टर जातीचा आपल्या दमट हवेत हळूहळू सुटत जातो, पॉलिइथरचा पाण्याला जास्त टिकतो, पण ऊन दोघांनाही खातं म्हणून यूव्ही-रोधक केलेलाच घ्या. एक तुकडा अख्खा उन्हाळा-पावसाळा पत्र्यावर बांधून ठेवा नि मग बोटाने चोळा, भुगा पडला तर विषय संपला.

आता आग. साधा पॉलियुरेथेन भराभर पेटतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असतं. फोमसाठी यूएल ९४ (प्लास्टिक किती पेटतं ते मोजणारी अमेरिकन चाचणी) ची एचएफ-१ रेटिंग असते, तिचा कागद मागा, नुसतं 'फायरप्रूफ' छापलेलं चालत नाही. घरी बघायचं तर अंगणात, वारा नसताना, बादलीभर पाणी जवळ ठेवून छोटा तुकडा लांब सांडशीत धरा, काडी लावा आणि बाजूला घ्या. आपोआप विझतो का, जळते थेंब गळतात का बघा. हे पावसात भिजून वाळलेल्या तुकड्यावरच करा, कारण काही फोममधलं अग्निरोधक रसायन पाण्याने धुपतं, नवा कोरा तुकडा उगाच पास होतो.

आणि फोम कितीही चांगला असला तरी त्याच्यावर साचलेला वाळका पाला रॉकेटच्या ठिणगीने पेटणारच, तेव्हा दिवाळीआधी शिडी लावून झाडू मारावाच लागेल.