स्कॉटलंडमधील एग बेट एका दिवसात पाहून होईल का?

मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून सकाळच्या बोटीने जाऊन त्याच दिवशी परतायचे आणि मधल्या वेळात अन स्गूरचा सुळका चढायचा, असा तुमचा बेत आहे. परतीच्या बोटीची वेळ सोयीची असेल तर तो तडीस जाऊ शकतो. तरीही शक्य असल्यास एक रात्र मुक्काम करावा आणि ते जमणारच नसेल तर शिखर सोडून ग्रूलिन या ओसाड पडलेल्या वस्तीची पायवाट धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अन स्गूरची उंची 393 मीटर आहे. सुमारे 5 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी एका दरीत लाव्हा साचून तिथेच थिजला. पुढे भोवतालचा बेसॉल्ट झिजत गेला आणि दरी भरून काढणारा तो काळा, काचेसारखा पिचस्टोन हा खडक माथा होऊन उरला. त्याचे उभे खांब पाहताना अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवते, मात्र तिचा खडक बेसॉल्टचा आहे.

याच सुळक्याच्या दक्षिण पायथ्याशी ग्रूलिन आहे. 1853 मध्ये मेंढ्यांना कुरण मिळावे म्हणून इथल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. आज तिथे चुन्याशिवाय रचलेल्या, छप्पर नसलेल्या भिंती आहेत, आत नेचे माजले आहेत, आणि तिरपे ऊन असेल तर जुन्या वाफ्यांचे वरंबे अजूनही स्पष्ट दिसतात. ज्यांनी ही जमीन कसली, त्यांचा तिच्यावर काडीचाही हक्क नव्हता, हे तिथे उभे राहिल्यावर फार जाणवते. म्हणूनच 1997 मध्ये रहिवाशांनी निधी जमवून, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांच्यासह न्यास स्थापून बेटच विकत घेतले, ही घटना मला इथल्या कोणत्याही अवशेषाइतकीच मोलाची वाटते. 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांपासून मिळणारी वीज सर्वांना पुरावी म्हणून प्रत्येक घराने एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा पाळायची असते.

मुक्काम केल्यास क्लीडेल या वस्तीजवळच्या किनाऱ्यावर जावे. तिथली क्वार्ट्झची कोरडी वाळू पायाखाली किणकिणते. धक्क्यापासून जवळच हत्याकांडाची गुहा आहे. 1577 च्या सुमारास स्काय बेटावरच्या मॅक्लाउड कुळातील लोकांनी तिच्या तोंडाशी आग लावून आत लपलेल्या एगच्या मॅकडोनाल्ड कुळातील लोकांना धुराने गुदमरवून मारले, असे परंपरा सांगते. तोंड इतके अरुंद आहे की वाकून, जवळजवळ रांगतच आत जावे लागते. जायचेच असेल तर विजेरी घ्यावी आणि ती दफनभूमी आहे हे ध्यानात ठेवावे. शेजारच्या कॅथेड्रल गुहेत मात्र ओहोटी असतानाच जाता येते, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहूनच दिवस ठरवावा. पर्यटकांच्या मोटारींना बेटावर परवानगी नाही.