बाळसं धरेपर्यंत थांबू नका

प्रश्न : माझा नातू चार महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा पावणेतीन किलो होता, आता जेमतेम चार किलो. दूध ओढताना दमतो, कपाळाला घाम येतो. दोनदा न्यूमोनिया झाला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक निघालं. जन्मल्यावर तपासलं तेव्हा काहीच नव्हतं म्हणाले! एवढ्या किरकोळ पोराला ऑपरेशन कसं सोसेल? बाळसं धरल्यावर करू, असं घरात ठरतंय. पैशाचीही सोय नाही. सुनेनं ग्रहण पाळलं नाही, म्हणून झालं का?
– एक आजी, दिंडोरी तालुका

उत्तर : आजी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाळाचं हृदय गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हजारात आठ-नऊ बाळांच्या हृदयात असा काहीतरी दोष असतो. सुनेला बोल लावू नका. रात्र रात्र जागून ती त्याला पाजते आहे.

जन्मताना बाळाच्या फुप्फुसांतला दाब जास्त असतो. त्यामुळे भोकातून फारसं रक्त जात नाही, छातीला नळी लावून तपासलं तरी त्याचा आवाज येत नाही. महिना-दीड महिन्यात तो दाब उतरतो आणि शरीराकडे जायचं रक्त पुन्हा फुप्फुसांकडे वळतं. म्हणून धाप, म्हणून न्यूमोनिया. खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्ची पडतं. भोक आहे म्हणून तो बाळसं धरत नाही. मग बाळसं धरायची वाट कशी पाहायची?

बारीक भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, पण तुमच्या नातवाचं मोठं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली होती. तिच्या घरच्यांना कुणीतरी "वजन वाढू द्या" असं सांगितलं होतं, आणि ते थांबले. तोवर तिच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या, ओठ निळे पडले होते. त्या टप्प्यावर भोक बुजवणंच जिवावर बेततं. तिच्या वडिलांना ते सांगताना मला शब्द सापडत नव्हते. म्हणून आज इतक्या कळकळीनं लिहिते आहे. मोठं भोक पहिल्या वर्षाच्या आत बंद करतात, चार-पाच किलोंच्या बाळांचंही करतात. नेमका दिवस हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

पैशासाठी जमीन गहाण टाकू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, पण त्यांच्या फेरीची वाट पाहू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सोबत घ्या, इकोचा कागद आणि रेशनकार्ड घेऊन याच आठवड्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जा. तिथून ऑपरेशनसाठी पुढे पाठवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तिथेच विचारा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. तिथे बिलाची खिडकीच नाही.

तोवर अंगावरचं दूध तोडू नका. थोडं थोडं, वरचेवर पाजा. दमला तर वाटीत काढून चमच्यानं द्या. बाळ झोपलं असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, दूध घेत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळ व्हायची वाट न बघता १०८ला फोन करा.