आकडीवरचा आहार आणि घरातली भाकरी

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन औषधे देऊनही आकडी थांबत नसल्याने डॉक्टरांनी कीटोजेनिक आहार सुचवला आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असते आणि सासूबाई नातवाला लपवून घास भरवतात. संक्रांतीला गड्ड्याची यात्राही आहे. एखाद्या घासाने खरेच बिघडते का? आणि आहार लागू पडला, तर औषधे बंद करता येतील का? – एक आई, सोलापूर

उत्तर : बिघडू शकते. या आहारात शरीर साखरेऐवजी चरबी जाळून कीटोन, म्हणजे साखरेऐवजी मेंदूला चालणारे इंधन, तयार करते, आणि ती अवस्था गोड किंवा पिठूळ पदार्थाने थोड्या वेळात मोडू शकते. मूळ पद्धतीत प्रथिने व कर्बोदके मिळून 1 ग्रॅम, तर स्निग्धांश 4 ग्रॅम असे प्रमाण असते. सौम्य, सुधारित ॲटकिन्स पद्धतीतही दिवसभरात साधारण 10 ते 20 ग्रॅमच कर्बोदके चालतात. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ती सुमारे 35 ग्रॅम असतात. सासूबाईंना रागावण्यापेक्षा हा हिशेब आहारतज्ज्ञांकडूनच ऐकवा आणि लोणी, तूप, पनीर ग्रॅमच्या काट्यावर मोजण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. माझ्या मते लपवाछपवी थांबवण्याचा तोच खरा उपाय आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असल्याने आपली शेंगाचटणी थोडी, मोजून आणि गुळसाखरेविना बसवता येते का, हेही विचारा. यात्रेला जाताना त्याचा डबा बरोबर न्या.

औषधे मात्र स्वतःहून मुळीच बंद करू नका. एकदम थांबवल्यास आकडी थांबेनाशी होऊ शकते. सुमारे निम्म्या मुलांमध्ये झटके निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटतात, पण ते ठरवायला निदान तीन महिने द्यावे लागतात आणि औषधांची मात्रा डॉक्टरच पुढे कमी करतात. सर्दी-खोकल्याच्या गोड पातळ औषधांतही साखर असते, हे दुकानदाराला सांगा. शरीराची चरबी जाळण्याची क्रिया बिघडवणाऱ्या काही जन्मजात विकारांत हा आहार घातक ठरतो, म्हणून सुरू करण्याआधी तपासण्या हव्यातच. पुढेही बद्धकोष्ठ, मुतखडा, वाढ आणि रक्तातील चरबी यांवर लक्ष ठेवावे लागते आणि जीवनसत्त्वे व कॅल्शियम वेगळे द्यावे लागते. मूल सारखे ओकू लागले किंवा सुस्त पडले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या आणि सलाईन लावण्यापूर्वीच तो कोणत्या आहारावर आहे हे सांगा, म्हणजे ग्लुकोज द्यायचे की नाही हे तिथले डॉक्टर रक्तातील साखर पाहून ठरवतील.