पुस्तकं नंतर, आधी ती सही थांबव

«काकू, मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावी झाले आहे. घरात आत्ती-मामा म्हणजे सासू-सासरे, हे आणि आमची दुसरीतली मुलगी. ब्लाउज शिवून ३००० रुपये साठवलेत. आरोग्य, पैसा, संसार आणि स्वतःची प्रगती या चारी विषयांवरची चांगली पुस्तकं एकदम मागवायची आहेत. मामांना शुगर आहे, पण कुणी दिलेलं घरगुती उपायांचं पुस्तक वाचून त्यांनी गोळ्या सोडल्यात. चुलत दीर सहकारी सोसायटीतून ५ लाखांचं कर्ज काढतायत, त्यांनी ह्यांना जामीन राहायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात सह्या आहेत. कागद सगळे कन्नडमध्ये आहेत, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. हे कुणाला नाही म्हणत नाहीत. मी काही बोलले की आत्ती म्हणतात, पुस्तकं वाचून संसार होतोय होय? सांगा, कुठनं सुरुवात करू?»

पोरी, तू पुस्तकांची यादी मागितलीस आणि ती मी देणार आहे. पण तुझ्या पत्रातली दोन वाक्यं पुस्तक घरी येईपर्यंत थांबणारी नाहीत.

पहिली ती जामिनकी. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे नुसतं ‘माणूस ओळखीचा आहे’ एवढं सांगणं, असं पुष्कळांना वाटतं. कायदा तसं मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. इतकीच म्हणजे पूर्ण. दिरांचे हप्ते थकले तर सोसायटीनं आधी त्यांच्या मागे लागावं आणि ते हरल्यावरच तुमच्या दारात यावं, असं बंधन नाही. थेट तुमच्याकडे वसुली येऊ शकते. त्यात व्याज आलं आणि दंडव्याजही आलं. चक्रवाढ व्याजाचा एक सोपा हिशेब लक्षात ठेव: ७२ ला वर्षाच्या व्याजदरानं भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. १२ टक्क्यांनी ६ वर्षं. गावात हातउसने घेतात ते महिना शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के, ते व्याजावर व्याज चढत गेलं तर साधारण ३ वर्षांतच दुप्पट. हा हिशेब ह्यांच्यासमोर कागदावर मांड. तोंडी सांगितलं की भांडण वाटतं, आकडा लिहिला की माणूस स्वतःच वाचतो.

बोलायचं ते रात्री, दोघंच असताना. आत्तींच्या देखत नको, तिथं ह्यांना भावाची बाजू घ्यावीच लागेल. आणि ‘जामीन राहू नका’ अशी सुरुवात करू नकोस. ‘हे ५ लाख आपल्यावर आले तर कुठनं भरायचे?’ एवढंच विचार आणि उत्तराची वाट बघ. उत्तर नसेल तर सही नाही. दिरांना मदत करायचीच असेल तर जी रक्कम बुडाली तरी घर चालेल तेवढी हातात द्यावी, किंवा जामिनकी ठरावीक रकमेपुरतीच आहे असं कागदावर स्पष्ट लिहून घ्यावं. काही झालं तरी न वाचलेल्या कन्नड कागदावर सही होऊ देऊ नका. ओळखीतल्या शिक्षकाकडून किंवा वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. भावकीत चार दिवस राग राहील. तो निवतो. वसुलीची नोटीस निवत नाही.

दुसरं वाक्य मामांच्या गोळ्यांचं. त्यांना घेऊन याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. आकडा ६.५ किंवा त्यावर असला की तो मधुमेह धरतात. मामांना आधीच निदान झालेलं आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी तो किती वर गेलाय हे बघायचं. ‘मला काही होत नाही’ असं ते म्हणतील, कारण वाढलेली साखर दुखत नाही. डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा ती न दुखवताच खराब करते. गोळी बंद करायची की कमी करायची हे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचं, पुस्तकानं नाही. मेथी, कारलं, जांभळाची पूड खाऊ देत की, पण डॉक्टरांना सांगून आणि गोळीच्या बरोबर.

यातूनच आरोग्याचं पुस्तक कसं पारखायचं ते कळतं. जे पुस्तक औषध सोडायला सांगतं ते परत ठेव. ज्याच्या शेवटी लेखकाचंच चूर्ण किंवा शिबिर विकायला आहे तेही परत ठेव. हा उपाय कुणी करू नये हे जे पुस्तक सांगतच नाही, ते वाचकाची काळजी करत नाही. मामांसाठी मी डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ सुचवीन. गडचिरोलीत इतरांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांना वयाच्या ४४ व्या वर्षी स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. मग आपण काय खात होतो, किती चालत होतो, कसली घाई करत होतो हे त्यांनी आरपार लिहिलंय. सुनेनं सांगितलेलं मामा ऐकणार नाहीत. स्वतः आजारी पडलेल्या डॉक्टरचं कदाचित ऐकतील.

पैशाच्या पुस्तकांबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुकानात समोर मांडलेली बरीचशी परदेशातली भाषांतरं असतात. तिथला कर वेगळा, पेन्शन वेगळी, घरकर्ज वेगळं. वाचून अंगात वारं शिरतं, हाती काही लागत नाही. तुला सध्या विकतचं पुस्तक नकोच. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिका फुकट आहेत, मराठीतही आहेत, त्या मोबाईलवर वाच. आणि आपल्या भागातली एक गोष्ट नीट समजून घे. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्यानं सुरक्षित असते. सोसायटीतल्या, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, घ्यायला रोज दारात येणारा माणूस कितीही भला असला तरी तो कुठल्या संस्थेचा आहे हे विचारायलाच हवं.

संसारासाठी सल्ल्याचं पुस्तक घेऊ नकोस. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घे. शाळा न शिकलेल्या या बाईनं लग्नानंतर अक्षरं गिरवली आणि पुढं मराठीतलं फार मोठं आत्मचरित्र लिहिलं. वडलांचं पराकोटीचं सोवळं, तापट सासरे, घर सोडून कुठंही निघून जाणारा कवी नवरा, मग त्याचं धर्मांतर आणि वर्षानुवर्षांची ताटातूट, सगळं त्यात आहे, आणि हसवत हसवत सांगितलंय. संसार कसा करावा हे त्या कुठं सांगत नाहीत, म्हणूनच कळतं. तुला आणखी एक काम सांगते: हे पुस्तक आत्तींना वाचून दाखव. दुपारी त्या शेंगा फोडत बसल्या की दोन पानं, जास्त नको. ज्या बाईला आपल्या सुनेचं वाचन दिसतं पण त्यातलं काही ऐकायला मिळत नाही, तिला ते आपल्याला वगळल्यासारखं वाटतं. त्यांचा राग पुस्तकावर नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

राहिली तुझी स्वतःची प्रगती. मन शांत नसेल, ‘मला नाही म्हणताच येत नाही’ हे ह्यांच्यासारखं तुलाही छळत असेल, तर डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ वाच, घाईनं नको. पण त्याच्याही आधी मी तुझ्या हातात मुलीचं कन्नडचं पाठ्यपुस्तक देईन. मराठी माझ्या जिवाभावाची आहे आणि आपल्या मुली मराठीत शिकाव्यात असंच मला वाटतं. तरीही शेताची पहाणी (म्हणजे सातबारासारखा उतारा), बँकेचा अर्ज, सोसायटीचा करार कन्नडमध्ये येतो, आणि तो वाचता येत नाही म्हणून आपल्या बायका अंगठा दिल्यासारख्या सह्या करतात, हे मला बघवत नाही. तुला बोलता येतंच, फक्त अक्षरं राहिलीत. रोज संध्याकाळी मुलीजवळ बस. ती तुला शिकवील आणि शिकवता शिकवता तिचंही पक्कं होईल.

आता तुझे ३००० रुपये. ते पुस्तकांवर उधळू नकोस. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं राज्यातल्या सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, तेव्हा आधार कार्ड घेऊन बेळगावला ये आणि वाचनालयाची सभासद हो. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. वर सांगितलेली पुस्तकं आधी तिथं विचार. विकत एकच घे, ‘स्मृतिचित्रे’, कारण ते घरात असलेलं बरं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, हाताळून घेता येतं. उरलेल्या पैशातून पोस्टात आवर्ती ठेव उघड, महिना १०० रुपयांपासून होते आणि मुदत ५ वर्षांची. खातं तुझ्या एकटीच्या नावावर काढ आणि पासबुक तुझ्याजवळ ठेव. जामिनकीचं काय झालं ते मात्र मला सह्यांच्या तारखेआधी कळव.