‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती का? एका यादीच्या मथळ्यावरून

एका प्राध्यापिकेचा प्रश्न आला आहे. त्यांच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात शिक्षकांच्या वर्षभरातल्या लेखांची यादी मराठीत द्यायची आहे. लेख चार विभागांतले आहेत: भौतिक विज्ञानं, जीवरसायनशास्त्र, मानवी हक्क आणि करार कायदा. त्यांनी मथळा दिला ‘संशोधन कार्य’. हिंदी विभागातल्या सहकाऱ्यांनी लगेच हरकत घेतली: “संशोधन म्हणजे दुरुस्ती. ‘शोधकार्य’ लिहा.” बाईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यात बरोबर कोण? आणि इतक्या वेगवेगळ्या विषयांना एकच शब्द पुरतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सहकारी हिंदीपुरते बरोबर आहेत, तुम्ही मराठीत बरोबर आहात, आणि अहवाल मराठीत आहे. मथळ्याला हात लावायचं कारण नाही.

पुरावा हवा असेल तर संस्थांच्या पाट्या वाचा. मुंबईतल्या एकाच संस्थेचं नाव हिंदीत ‘टाटा मूलभूत अनुसंधान संस्थान’ आणि मराठीत ‘टाटा मूलभूत संशोधन संस्था’. इस्रोला हिंदीत ‘भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन’ म्हणतात. आपण ‘भारतीय अंतराळ संशोधन संस्था’ म्हणतो. पुण्यात १९१० सालापासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे आणि १९१७ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. तिथे इतिहासाची दुरुस्ती चालते असं कोणा मराठी माणसाच्या मनात आलेलं ऐकिवात नाही. (चालते असं म्हणणारे विरोधक असतात, पण तो वाद निराळा.)

राज्यघटनेच्या बाबतीत हे उलटं दिसतं. १९७६ चा कायदा हिंदीत ‘संविधान (बयालीसवाँ संशोधन) अधिनियम’ आहे. मराठी कायद्यांत त्या जागी ‘सुधारणा’ हा शब्द येतो आणि वर्तमानपत्रांत सर्रास ‘बेचाळिसावी घटनादुरुस्ती’. या अर्थाने ‘संशोधन’ मराठीत कोणी वापरत नाही. वापरलंच तर हिंदी पत्रकाचा घाईघाईत केलेला अनुवाद समजावा.

ही भानगड फक्त मराठी आणि हिंदीपुरती नाही. गुजराती आणि कन्नड आपल्या बाजूला आहेत. दोन्हींत ‘संशोधन’ म्हणजे अभ्यासकाचं काम. बंगाली आणि नेपाळी हिंदीच्या बाजूला, तिथे ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मग अभ्यासकाच्या कामाला बंगालीत काय म्हणतात? ‘गवेषणा’. हा शब्द मोठा गमतीचा. ‘गो’ आणि ‘एषणा’, म्हणजे मुळात गाई शोधणं. वेदकाळात गाय हरवणं ही गंभीर बाब होती, तिच्या मागे रानोमाळ फिरावं लागे, त्यावरून कुठल्याही शोधाला तो शब्द लागला. मराठीत ‘गवेषणा’ जुन्या पंडिती लेखनात भेटतो, यादीच्या मथळ्यात तो घातला तर प्राचार्य फोन करतील. हिंदीतला ‘अनुसंधान’ मराठीतही आहे, पण तो भलतीकडे गेला. आपल्याकडे नामाचं अनुसंधान ठेवतात. मन एका जागी लागून राहणं हा त्याचा अर्थ. प्रयोगशाळेशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ. सहकाऱ्यांचा ‘शोध’ आणि तुमचं ‘संशोधन’ एकाच धातूची लेकरं आहेत: शुध्, म्हणजे शुद्ध होणं. त्यामुळे व्युत्पत्तीचा दाखला देऊन ‘संशोधन’ बाद करायचं म्हटलं तर ‘शोध’ही त्याच दारातून बाहेर जातो, कारण संस्कृतात त्याचाही अर्थ स्वच्छ करणं हाच. हा अर्थ आयुर्वेदाने सांभाळून ठेवला आहे: पाऱ्याचं शोधन म्हणजे त्याचे दोष काढणं. हिंदी कायद्यातही एका अनपेक्षित ठिकाणी तो टिकला. २०१६ च्या दिवाळखोरीच्या संहितेचं हिंदी नाव ‘दिवाला और शोधन अक्षमता संहिता’. इथलं शोधन म्हणजे कर्ज फेडणं, खातं साफ करणं. मराठीत आपण ‘नादारी व दिवाळखोरी’ म्हणतो आणि ते जास्त लवकर कळतं.

शुद्ध करण्यापासून शोधण्यापर्यंत हा शब्द कसा सरकला असेल, ते एका जागी उघड दिसतं. निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या जुन्या संस्कृत पुस्तकांच्या पहिल्या पानावर पंडिताच्या नावापुढे ‘संशोधितम्’ असं छापलेलं असे. म्हणजे त्या शास्त्रीबुवांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. आता याला दुरुस्ती म्हणायचं की संशोधन? दोन्ही. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं पाहायची, नक्कलकाराची चूक कोणती आणि मागाहून घुसवलेला श्लोक कोणता ते ठरवायचं. तिथे चुका काढणं हेच शोधणं होतं. पुढे हिंदीने त्यातला एक अर्थ उचलला, मराठीने दुसरा. चूक कोणाचीच नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. एकच शब्द चारही विभागांना पुरतो का? छत्री म्हणून पुरतो. पण लेखांची नावं मराठीत आणताना छत्रीखाली कोण उभं आहे ते बघावं लागतं.

भौतिक विज्ञानात ‘संशोधन’ आणि ‘शोध’ वेगळे ठेवा. संशोधन करतात, शोध लागतो किंवा लावतात. के. एस. कृष्णन यांना बरोबर घेऊन सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणावर संशोधन केलं आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला. दर संशोधनाला शोध लागतोच असं नाही, बहुतेकदा लागत नाही; म्हणून सगळ्याच लेखांना ‘शोध’ म्हटलं तर जरा फाजील बढाई होते. त्याच वाक्यातला ‘विकिरण’ पाहा. आपल्या शालेय पुस्तकांत विकिरण म्हणजे प्रकाश इतस्ततः फेकला जाणं, आणि उष्णतेचं होतं ते ‘प्रारण’. हिंदीत विकिरण म्हणजे आपलं प्रारण. तुमच्या यादीतली काही नावं हिंदीवरून मराठीत आली असतील, तर हा शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा. आणि यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असेल तर इंग्रजी ‘फिजिकल’चं ‘शारीरिक विज्ञान’ होऊन कुठे उगवलंय का तेही बघा. त्या विभागात जोरबैठका काढत नाहीत.

‘शोध’ या शब्दाची मराठीत एक जुनी अडचण आहे. गुरुत्वाकर्षणाचाही शोध लागतो आणि विजेच्या दिव्याचाही. पहिली गोष्ट आधीपासून होती, दुसरी माणसाने केली. हिंदीला ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असे दोन शब्द आहेत. मराठीत ‘आविष्कार’ कलावंतांनी कधीच नेला. एरवी यावाचून काही अडत नाही. पण पेटंटचा प्रश्न आला की अडतं, कारण १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे निसर्गात असलेला पदार्थ नुसता सापडला म्हणून पेटंट मिळत नाही. तसा लेख यादीत असेल तर नुसतं ‘शोध’ लिहून सोडू नका. ‘निसर्गात सापडलेला’ आणि ‘नव्याने घडवलेला’ असं फोडून लिहा, नाव लांबलं तरी लांबू दे.

जीवरसायनशास्त्रात तर मूळ धातूचं काम रोज शब्दशः चालतं. तिथली निम्मी मेहनत शुद्ध करण्यात जाते. एखादं विकर (एन्झाइम) हवं असेल तर ऊतक, म्हणजे प्राण्याचा किंवा वनस्पतीचा पेशीसमूह, थंड द्रावणात वाटायचं, यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा, वरच्या निवळीत अमोनियम सल्फेट घालून प्रथिनांचा साका पाडायचा, तो विरघळवून पातळ पडद्यातून क्षार काढून टाकायचे आणि शेवटी बारीक कणांनी भरलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, सोडायचं. दर पायरीला मोजदाद होते. एकूण विकर कमी कमी होत जातं, पण दर मिलिग्रॅम प्रथिनामागे त्याची क्रियाशीलता वाढत जाते, आणि हा वाढता आकडाच सांगतो की काम बरोबर चाललं आहे. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये घेवड्याच्या जातीच्या एका बीमधून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळं केलं. विकरं ही प्रथिनं असतात हे म्हणणं लोकांना पटायला त्यानंतरही वर्षं गेली. नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या बहीण. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन असतं हे त्यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि १९३९ मध्ये तिथली पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. या सगळ्याला मराठीत ‘संशोधन’च म्हणायचं. पण लेखाच्या नावात ती शुद्ध करण्याची क्रिया आली तर ‘शोधन’ नको, ‘शुद्धीकरण’ हवं. हिंदीत ‘तेलशोधक कारखाना’ म्हणजे तेल शुद्ध करणारा. मराठी कानाला तो कारखाना तेल शोधत हिंडतोय असं वाटतं. आपण तेलशुद्धीकरण आणि जलशुद्धीकरण म्हणतो, तसंच विकराचंही शुद्धीकरण.

मानवी हक्कांच्या लेखांत मात्र एका मराठी शब्दाला मुद्दाम जागा द्या: ‘सत्यशोधन’. कुठे अत्याचार झाला की सत्यशोधन समिती जाते, जागा पाहते, जबान्या घेते, कागद तपासते. हे पोलिसांच्या तपासाहून आणि न्यायालयाच्या चौकशीहून वेगळं काम आहे. ‘अन्वेषण’ म्हटलं की सरकारी यंत्रणा डोळ्यांपुढे येते. ‘सत्यशोधन’ म्हटलं की मराठी वाचकाला १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात स्थापलेला सत्यशोधक समाज आठवणारच. आठवू दे, विषयाला ते साजेसंच आहे.

विभागाचं नाव तुम्ही ‘मानवी हक्क’ लिहिलंत ते छान केलंत. मराठी संविधानाच्या तिसऱ्या भागाचं नाव ‘मूलभूत हक्क’ आहे, हिंदीत ‘मूल अधिकार’. राज्याच्या आयोगाचंही मराठी नाव महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग. मराठीत ‘अधिकार’ शब्दाला साहेबाचा वास येतो, ‘अधिकारी’ त्यातूनच निघतो. तर हक्क आपला असतो आणि तो साहेबाकडून मिळवायचा असतो. अपवाद एकच आणि तोही ठसठशीत: ‘माहितीचा अधिकार’. तो इतका रुळला आहे की आता बदलू म्हणणारा वेडा ठरेल. यादीत दोन्ही आले तर येऊ द्या, एकसारखेपणाच्या हट्टापायी ‘माहितीचा हक्क’ करू नका.

राहिला करार कायदा. तुमच्या सहकाऱ्यांच्या हरकतीत तथ्य असेल तर ते इथे आहे. १८७२ च्या कायद्याचं कलम २८ घ्या. न्यायालयात दाद मागायची वाटच बंद करणारा करार त्या कलमाने शून्य ठरतो. १९९७ मध्ये या कलमात बदल झाला. समजा कोणी या बदलावर लेख लिहिला आणि तुम्ही नाव दिलंत ‘कलम २८ : एक संशोधन’. मराठी वाचक समजेल, कोणीतरी अभ्यास केला. हिंदीची सवय असलेला वकील समजेल, कलमात दुरुस्ती झाली. आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं असेल! म्हणून या विभागात ‘कलम २८ मधील दुरुस्ती : एक अभ्यास’ असं लिहा. दुरुस्ती कलमा‘मधील’, अभ्यास कलमा‘वरील’: या दोन शब्दांनी इथे बरीच भांडणं मिटतात. कायद्याच्या लेखाला ‘चिकित्सा’ किंवा ‘मीमांसा’ही शोभतं. ‘शोध’ शोभत नाही, कलम छापलेलंच असतं.

याच विभागात ‘करार’ आणि ‘संविदा’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका. कायद्याच्या कलम २ मध्ये हे दोन वेगळे आहेत: परस्परांनी दिलेली वचनं म्हणजे करार, आणि कायद्याने अंमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. बोलताना आपण दोन्हींना करारच म्हणतो आणि विषयाचं नाव म्हणून ‘करार कायदा’ चालतं, पण लेख नेमका या फरकावर असेल तर ‘संविदा’ लिहायलाच हवं. ‘कंत्राट कायदा’ मात्र नको, त्याने कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा डोळ्यांपुढे येतो. ‘प्रतिफल’ हा शब्द नावात असेल तर राहू द्या, वकिलांचा तो पारिभाषिक शब्द आहे. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘मोबदला’ पुरतो. घराच्या खरेदीनंतर हातात पडणाऱ्या सूची क्रमांक दोनवर तोच शब्द छापलेला असतो.

मथळ्याबद्दल एकच सुचवतो. ‘संशोधन कार्य’ असं तोडून लिहिण्यापेक्षा ‘संशोधनकार्य’ असं जोडून लिहा, सामासिक शब्द आहे. किंवा यादीत फक्त छापून आलेले लेखच असतील तर सरळ ‘प्रसिद्ध झालेले शोधनिबंध’ म्हणा, म्हणजे सहकाऱ्यांचा ‘शोध’ही त्यात येतो. पीएच.डी.साठी सादर केलेलं काही असेल तर ते ‘शोधप्रबंध’ म्हणून वेगळ्या रकान्यात घाला. फक्त नुसतं ‘प्रबंध’ लिहू नका, नाहीतर हिंदी विभागातून पुन्हा निरोप येईल. त्यांच्याकडे प्रबंध म्हणजे व्यवस्थापन.