वॉलरसचा हस्तिदंत? नाही!

दादरच्या एका वाचक बाई विचारतात: 'वॉलरसचा हस्तिदंत' म्हणावं का? आणि हत्तीचे 'दात' बरोबर की 'सुळे'?

पहिल्याचं उत्तर, नाही. इंग्रजी 'आयव्हरी'त हत्ती, मॅमथ, पाणघोडा, वॉलरस, नारव्हाल, स्पर्म व्हेल अशा सगळ्यांचे दात येतात. आपल्या शब्दात हत्ती ठाण मांडून बसलाय, त्याला उठवता येणार नाही. सरळ 'वॉलरसदंत' लिहा. जुनी माणसं या पदार्थाला नुसतं 'दंत'च म्हणत. सांचीच्या दक्षिण तोरणावरचं कोरीवकाम विदिशेच्या 'दंतकारां'नी केल्याचं तिथेच कोरलेलं आहे.

आणि 'हस्तीदंत' लिहिणं आता थांबवा. मूळ शब्द 'हस्तिन्'; समासात न् गळतो, 'ति' ह्रस्वच राहते. भुलेश्वरला प्लॅस्टिकच्या बांगड्या 'हस्तिदंती' म्हणून विकतात. रंगापुरतं ते चालेल, पदार्थ म्हणून मुळीच नाही. खरा हस्तिदंत आडवा कापला की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. प्लॅस्टिकमध्ये ती दिसत नाही.

आता माझ्या आवडीचं. 'हत्ती' हे नाव हातावरून, म्हणजे सोंडेवरून पडलं, हे शाळेतच कळतं. पण त्याचं आणखी एक नाव आहे: पीलु. फारसीत 'पील', अरबीत 'फील', आणि शिवकाळातल्या अठरा कारखान्यांतला 'पीलखाना' तो हाच. माझं ठाम मत असं, की हे नाव दातावरून पडलंय. तमिळमध्ये दात म्हणजे 'पल्', कन्नडमध्ये 'हल्लु'. संशोधक बहता अंशुमाली मुखोपाध्याय यांनी २०२१ मध्ये हाच द्राविडी धागा सिंधू संस्कृतीपर्यंत नेला. त्यातला एक पुरावा तर मुंबईत रोज हाती लागतो. मोहम्मद अली रोडवर मिसवाकच्या काड्यांच्या जुड्या मिळतात ना? टोकाची साल सोलून चावली की तंतूंचा कुंचला होतो, त्याने दात घासायचे. त्या झाडाचं संस्कृत नाव काय? पीलु! हत्ती आणि दातवणाचं झाड, दोघांना एकच नाव. दोघांत दाताखेरीज सामाईक आहे तरी काय?

'पीलु' हा पश्चिमेकडून आलेला परका शब्द, असं म्हणून जे कोशकार मोकळे होतात, त्यांनी प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याचा, त्याच्या सूसा या राजधानीतला शिलालेख वाचावा. राजवाड्यासाठी हस्तिदंत कुश देशातून (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या), सिंधमधून आणि अराकोसियातून (आजच्या कंदाहारकडच्या भागातून) आणला, असं तो सांगतो, आणि हस्तिदंताला शब्द वापरतो 'पिरु'. जुन्या पर्शियनमध्ये 'ल'चा 'र' होतो. म्हणजे तिथे हा शब्द प्राण्याला नाही, दाताला लावलाय! 'पल्'चा अ आणि 'पीलु'चा ई जुळत नाहीत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण माल विकणाऱ्यांच्या तोंडून बंदरोबंदरी फिरलेल्या शब्दाला व्याकरणाच्या वर्गातले नियम लावणं म्हणजे व्यापार कसा चालतो हेच न समजणं. याच मुंबई बंदरात एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे सुळे उतरत आणि पुढे लंडनला जात.

हो, सुळे. प्राणिशास्त्राप्रमाणे हत्तीचे ते वरचे पटाशीचे दात. खरे सुळे वॉलरसचे. पण मराठीत पुढे आलेला टोकदार दात तो सुळा, मग जबड्यात कुठूनही उगवो. बिनधास्त 'सुळे' म्हणा.